वाफसा

एप्रिलमध्ये सावेडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत लेट्यूसनं दोन दिवसांत माना टाकल्या. टबात पाणी काठोकाठ, खत मोजून घातलेलं, तरी पानं मलूल. मुळं उचलून पाहिली तर तपकिरी, बुळबुळीत. थर्मामीटर बुडवला : ३१ अंश.

आबांना फोन केला. पारनेर तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन. विहिरीचा तळ बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी पाणी असून पीक घालवलं, हे सांगायला जीभ रेटेना.

ते एवढंच म्हणाले, "वाफसा नसंल रं."

बरोबर होतं. मातीत ओल आणि हवा दोन्ही हवी, तसंच टबातही. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. आणि उष्णतेत मुळांना तो जास्त लागतो. त्यात दुपारी लाइट गेली की माझा एअर पंपही बंद. मुळं गुदमरली, मग कुजली.

आता टबाला ओलं पोतं गुंडाळतो, त्यावर पंखा. नगरच्या कोरड्या हवेत ते माठासारखं काम करतं. दुपारी बर्फाची बंद बाटली सोडतो. पंप बॅटरीवर घेतला आणि पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगला, म्हणजे बंद पडला तरी नळीतून पाणी उलटं पंपात शिरत नाही.

रात्री त्याची घरघर चालू असते तोवर मी गाढ झोपतो. ती थांबली की जाग येते. गावाकडं मोटर थांबली की आबांना यायची, तशीच.