दुधाची छोटी बाटली

मंडळी, इंग्लंड म्हटलं की आपल्याला राणी, बिग बेन, लॉर्ड्स आणि पाऊस आठवतो. (आमच्या 'ह्यां'ना फक्त लॉर्ड्स!) पण तिथली माझ्या वयाची माणसं जुन्या गप्पांना बसली की राणीपेक्षा जास्त वेळ शाळेतल्या दुधावर बोलतात.

माझी लेक लेस्टरला असते. तिच्याकडे गेले की शेजारच्या बाईंशी माझ्या कुंपणावरून गप्पा चालतात. माझं इंग्रजी मराठी माध्यमातलं, त्यांचं अस्सल लेस्टरचं, पण दोघीही सत्तरी ओलांडलेल्या, त्यामुळे जमतं. मी शाळेत शिकवायची हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या मुलांना दूध मिळायचं का?"

नंतर मी थोडं वाचून काढलं. महायुद्ध संपलं होतं, पण तिकडे रेशनिंग चालूच होतं. गोळ्या-चॉकलेटं रेशनमधून सुटली ती फेब्रुवारी १९५३ मध्ये आणि मटण तर १९५४ साली! अशा ओढग्रस्तीच्या दिवसांत, १९४६ साली, सरकारने अठरा वर्षांखालच्या प्रत्येक शाळकरी मुलाला रोज एक तृतीयांश पिंट, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर दूध फुकट द्यायचं ठरवलं. तेव्हाच्या शिक्षणमंत्री होत्या एलन विल्किन्सन. त्या जॅरोच्या खासदार. तिथले बेकार कामगार १९३६ साली लंडनपर्यंत चालत गेले होते, तेव्हा या बाई त्यांच्यासोबत होत्या. भूक कशी दिसते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

आता शेजारीणबाईंचं ऐका. १९५५ साली त्या शाळेत जायला लागल्या. सकाळी फाटकाशी छोट्या काचेच्या बाटल्यांचे क्रेट येऊन पडायचे. ते आत आणून वाटायला 'मिल्क मॉनिटर' नेमलेला असे आणि त्याचा रुबाब काय विचारता! (आपल्याकडे फळा पुसणाऱ्या मॉनिटरचा असतो तसाच.) चंदेरी झाकणाला अंगठ्याने भोक पाडायचं, कागदी नळी घालायची. थंडीत दूध गोठायचं म्हणून क्रेट रेडिएटरजवळ ठेवत आणि मग ते कोमट, वासट व्हायचं. उन्हाळ्यात तर विचारूच नका. "मला ते मुळीच आवडत नसे," बाई अजूनही नाक मुरडून सांगतात. पण संपवल्याशिवाय सुटका नसे. बाई समोर उभ्या!

घरचं दूध पहाटे दारात यायचं. बॅटरीवर चालणारी दूधगाडी, गूं असा आवाज आणि बाटल्यांची किणकिण. विजेच्या गाड्यांचं कौतुक आपण आत्ता करतोय, तिथे दूधवाले त्या कधीपासून चालवत होते. आणि एक गंमत. ब्लू टिट नावाची चिमणीपेक्षाही लहान पाखरं झाकणं टोचून वरची साय फस्त करायची! १९२१ साली साउदॅम्प्टनजवळ याची पहिली नोंद झाली आणि मग ती विद्या देशभरच्या पाखरांत पसरली. १९४९ साली शास्त्रज्ञांनी त्यावर लेखही लिहिला. मला आरेच्या बाटल्या आठवल्या. आमच्याकडे ते काम मांजर करायची.

असो. पुढे १९६८ साली मजूर पक्षाच्या सरकारने माध्यमिक शाळांचं दूध बंद केलं. फारसं कुणी बोललं नाही. १९७१ साली खर्चकपातीत सात वर्षांवरच्या मुलांचं गेलं, तेव्हा शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर. मग मात्र 'थॅचर, मिल्क स्नॅचर' हे यमक देशभर गाजलं आणि त्यांना जन्मभर चिकटलं. पुढे त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलं की शिव्या भरपूर खाल्ल्या आणि पदरात काही पडलं नाही. योगायोग असा की त्याच वर्षी नाताळात तिथलं पहिल्या क्रमांकाचं गाणं होतं बेनी हिलचं, एका दूधवाल्यावरचं!

शेजारीणबाईंचा धाकटा भाऊ तेव्हा आठ वर्षांचा होता. वडिलांचं काम सुटलेलं. "मला दूध आवडत नसे, पण त्याचं बंद केलं तेव्हा आई रडली होती," असं त्या म्हणाल्या आणि जरा वेळ गप्प राहिल्या.

मी समजले. माझ्या वर्गातली एक मुलगी प्रार्थनेला उभी असताना कोसळली होती. पाणी मारलं, शुद्धीवर आली. काल दुपारपासून पोटात काही नव्हतं. आम्ही शिक्षिका आळीपाळीने डब्यातली जास्तीची पोळी आणायला लागलो, पण चाळीस मुलांना किती पुरणार? माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत शाळेत खिचडी शिजू लागली. मुलं तिलाही नावं ठेवत, खडे निघाले की दाखवायला आणत. पण सोमवारची हजेरी सुधारली ती माझ्या डोळ्यांसमोर. मुलाला आवडतं की नाही हा प्रश्न वेगळा आणि ताट समोर येतं की नाही हा वेगळा. कागदावर कपात करणाऱ्यांना हा फरक कळत नाही, असं आपलं माझं मत.

पाच वर्षांखालच्या मुलांना तिथे पाळणाघरात ते दूध नंतरही मिळत राहिलं. २०१० साली तेही बंद करायची कल्पना निघाली, तर पंतप्रधान कॅमेरॉन यांनी लगेच ती फेटाळली. जुनं यमक आठवलं असणार!

शेजारीणबाई मात्र चहा अजून बिनदुधाचाच पितात. मी आलं घालून, दूध आटवून केलेला चहा त्यांना दिला, तर एक घोट घेऊन म्हणाल्या, "अगदी शाळेसारखा वास येतोय!"