कालनिर्णयावरच्या खुणा

आमच्या धानोऱ्याच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य पथक येतं. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं हे पथक. या वेळी डॉक्टरताईंनी माझ्या मुलाच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला आणि विचारलं, "लहानपणी याचे हातपाय सुजायचे का?" सुजायचे. दोन्ही पंजे पुरीसारखे फुगायचे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी झाली, ती पॉझिटिव्ह आली. पण पोर नुसतं वाहक आहे की आजारी, हे त्या चाचणीतून कळत नाही. पुढच्या तपासणीसाठी नंदुरबारच्या बालरोगतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी मिळाली.

घरी सांगितलं तर सासूबाईंचं पहिलं वाक्य, "आमच्या कुळात असलं काही नाही." म्हणजे दोष माझ्या माहेरचा. आशाताई घरी आल्या, ओट्यावर बसून त्यांनी समजावलं. आई आणि बाप, दोघांकडून एकेक दोष आला तरच मूल आजारी पडतं. दोघं वाहक असले तर प्रत्येक खेपेला २५ टक्के धोका असतो, आणि वाहक माणूस स्वतः धडधाकटच दिसतो. सासूबाई गप्प झाल्या. त्यांनी देवी याहामोगीला नवस बोलला, आणि मी ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं.

डॉक्टरांपुढे बसलं की आपण "याचं सारखं दुखतं" एवढंच बोलतो. केव्हा, कुठं, किती वेळ, कशानं थांबलं, हे त्या गर्दीत आठवत नाही. आणि जी बाई रात्र रात्र पोराचे पाय चोळत बसते, तिचीच तिथं बोलताना जीभ अडखळते. याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि सासूबाईंना शेजारी बसवलं. त्या भिलोरीत सांगत गेल्या, मी खुणा करत गेले: तापाला निळी, दुखण्याला लाल. त्यांना माझ्याहून जास्त आठवत होतं. ओढ्यात खेळून आला त्या रात्री पाय दुखले. दिवाळीनंतर थंडी पडली आणि लाल खुणा एकाला एक लागून आल्या. पंजे पहिल्यांदा सुजले ते होळीच्या सुमारास, तेव्हा तो नुकता बसायला लागला होता, हेही त्यांनीच सांगितलं. ते जुनं असलं तरी होळीच्या पानावर मी त्याचीही खूण केली.

आशाताईंनी सांगितलं तशी पिशवी भरली. लसीकरणाचं कार्ड, कारण या मुलांना न्युमोकोकलची लस फार महत्त्वाची. पावसाळ्यात एका दवाखान्यात रक्त चढवलं होतं, त्याचा कागद. रक्त चढवल्यावर तीन महिने तरी दुसऱ्याचं रक्त अंगात मिसळलेलं असतं आणि चाचणी फसू शकते. आजवर पाजलेल्या टॉनिकच्या बाटल्याही घेतल्या, रिकाम्यासुद्धा. रक्त कमी म्हटलं की लोहाचं औषध सुरू होतं, पण सिकलसेलमध्ये लोह खरोखर कमी आहे का हे पाहिल्याशिवाय ते द्यायचं नसतं.

जाऊबाई म्हणाल्या, पोराला सांग, नुसतं वजन करायचंय. मी तसं सांगितलं नाही. "सुई टोचतील, थोडं दुखेल, मी तुला धरून बसेन," एवढं सांगितलं. "किती वेळा टोचतील?" त्याने विचारलं. "एकदाच, पण हात हलवायचा नाही." सकाळच्या एसटीत थंडी लागते आणि थंडीनेच दुखणं उठतं, म्हणून त्याला स्वेटर, कानटोपी घातली. पाण्याची बाटली त्याच्याच गळ्यात अडकवली, कारण अंगातलं पाणी कमी झालं तरी दुखणं उठतं.

डॉक्टरांनी कालनिर्णयाची पानं एकेक करून उलटली. होळीच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "सहा महिन्यांपर्यंत बाळाला जन्माचं हिमोग्लोबिन सांभाळतं. ते ओसरलं की असं सुरू होतं." मग त्यांनी माझा हात धरून मुलाच्या डाव्या बरगडीखाली ठेवला आणि पाणथरी कशी चाचपायची ते दाखवलं. ती एकाएकी वाढली, पोर पांढरंफटक पडलं, किंवा ताप चढला, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

एचपीएलसी या रक्ततपासणीच्या अहवालात मुलाला आजारच निघाला, आम्ही दोघं वाहक. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड सुरू झालं. हायड्रॉक्सियुरिया चालू असेतो ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं, म्हणून नवरा पुन्हा उसाच्या फडावर गेला तरी पोर माझ्याबरोबर गावातच राहणार. धाकट्या मुलीचंही रक्त तपासायला दिलंय. २०२३च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी करायचं ठरलं. माझ्या दोन्ही दिरांची लग्नं अजून व्हायची आहेत. मुलगी बघायला जाण्याआधी दोघांनी रक्त तपासून घ्यायचं, असं सासूबाईंनीच त्यांना सांगितलं.