परदेशी जाताना राहून गेलेलं एक खातं

गेल्या डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गावी आलो होतो. त्यातले चार दिवस तालुक्याच्या बँकेत गेले. कशासाठी? १,३१२ रुपये शिल्लक असलेलं एक बचत खातं बंद करायला. बँकेचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही बँकेत होऊ शकतं आणि यात पहिली चूक माझीच आहे.

खातं कॉलेजच्या पहिल्या वर्षी स्कॉलरशिपसाठी काढलं होतं. नोकरी लागल्यावर पुण्यात दुसरं खातं झालं. २०१४ साली जर्मनीला आलो. पुण्यातलं खातं नियमाप्रमाणे एनआरओ करून घेतलं. हे गावाकडचं राहून गेलं. आठशे-चाळीस रुपये तर होते, पडून राहतील म्हटलं, कुणाचं काय जातंय.

गेल्या वर्षी आईनं फोनवर सांगितलं, बँकेचं पत्र आलंय, तुझं खातं बंद पडलंय म्हणतात. दोन वर्षं खात्यात काहीच व्यवहार झाला नाही की बँक ते निष्क्रिय करते, हे मला माहीत होतं. पण मी तर अकरा वर्षं हात लावला नव्हता. मग आत्ताच कसं निष्क्रिय झालं?

उत्तर पासबुकात होतं. काउंटरवरच्या मॅडमनी पासबुक भरून दिलं आणि म्हणाल्या, "तुमचे वडील यायचे की. दुधाचं बिल झालं की पाचशे टाकून जायचे."

मी बाहेरच्या बाकावर बसून नोंदी मोजल्या. एकोणीस वेळा पाचशे रुपये. ९,५००. शेवटची नोंद जानेवारी २०२२. फेब्रुवारीत आप्पा गेले. त्यानंतर दोन वर्षांनी खातं निष्क्रिय झालं.

खात्याला मोबाईल नंबर आप्पांचा होता. किमान शिल्लक नाही, दंड कापला, असे मेसेज त्यांना जायचे, तेही इंग्रजीत. आप्पा कुणाकडून तरी वाचून घेत असणार आणि पोराचं खातं बुडू नये म्हणून पैसे भरत असणार. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. आणि ते पाचशे जायचे कुठं? किमान शिल्लक २,००० हवी होती. पाचशे टाकून ती कधी पुरी झालीच नाही. दर तिमाहीला दंड, त्यावर जीएसटी, एटीएम कार्डाचा वार्षिक चार्ज, मेसेजचा चार्ज. दहा वर्षांत नऊ हजारांच्या वर कापले गेले.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. केवळ किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावून बचत खातं मायनसमध्ये नेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१५ पासून आहे. म्हणजे आप्पांनी एक रुपया टाकला नसता, तर खातं शून्यावर येऊन थांबलं असतं. त्यांनी दहा-दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून भरलं ते फक्त दंडाला खाद्य झालं. हे त्यांना ना बँकेनं सांगितलं, ना मी.

आता बंद करण्याची गोष्ट. ओटीपी आप्पांच्या नंबरवर, ते सिम कधीच बंद झालेलं. म्हणून ऑनलाईन काही होईना. पहिल्या दिवशी कळलं की निष्क्रिय खातं थेट बंद होत नाही. आधी केवायसी, मग खातं चालू, मग बंद. दुसऱ्या दिवशी सही जुळेना. अठराव्या वर्षी मी मराठीत सही केली होती, माझं, आप्पांचं आणि आडनाव, तिन्ही पूर्ण. पासपोर्टवर इंग्रजी गिचमिड. साहेब म्हणाले, जुनी सही करून दाखवा. रात्री घरी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वीसेक वेळा गिरवली. आप्पांचं नाव इतक्या वेळा मी कधी लिहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन. चौथ्या दिवशी सही जुळली, खातं बंद झालं, १,३१२ रुपये पुण्याच्या एनआरओ खात्यात आले.

शाखेतल्या लोकांवर माझा राग नाही. तीन माणसं, पीकविम्याची आणि पेन्शनची रांग दारापर्यंत. पण व्यवस्थेला विचारायला हवं. फेमा कायद्यानुसार परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला साधं रहिवासी बचत खातं ठेवता येत नाही. मोडलं तर दंड, रक्कम मोजता येत असेल तर तिच्या तिप्पटपर्यंत. म्हणजे जबाबदारी पूर्ण आमची. ठीक आहे. मग ती पार पाडायची वाटही सोपी हवी ना? जर्मनीत मी एक खातं बंद केलं ते सही केलेलं पत्र पोस्टात टाकून. आपल्याकडेही भारतीय दूतावासाकडून किंवा तिथल्या नोटरीकडून साक्षांकित कागद केवायसीला चालतात, नियम आहे. मी म्युनिकच्या वकिलातीतून ते करू शकलो असतो. पण शाखेत फोनवर विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "समक्ष यावं लागेल."

आपल्या तालुक्यातली किती पोरं आज दुबई, जर्मनी, कॅनडाला आहेत ते तुम्हालाच माहीत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी सांगतो.

जाण्याआधी सगळ्या खात्यांची यादी करा. नको असलेली तेव्हाच बंद करा. बंद करण्याआधी त्यावरून जाणारे विमा, एसआयपी, गॅस सबसिडी दुसरीकडे वळवा आणि जुनं स्टेटमेंट काढून ठेवा, नंतर ऑनलाईन दिसत नाही. खातं बंद झाल्याचं लेखी घ्या.

एक खातं ठेवायचं असेल तर ते एनआरओ करा. इथलं भाडं, शेताचा खंड त्यात येऊ शकतो. व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापतात, कर कमी बसत असेल तर रिटर्न भरून परत मागता येतो. तिकडची कमाई पाठवायला एनआरई, त्याच्या व्याजावर इथे कर नाही.

नंबर आणि नॉमिनी तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येतात.

जुनं खातं विसरला असाल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधा. १० वर्षं पडून राहिलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण हक्क जात नाही, बँकेकडे अर्ज करून परत मिळतात.

शाखा दाद देत नसेल तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही.

आणि बँकांना एवढंच म्हणणं आहे की दंडाचा मेसेज मराठीत पाठवा, आणि त्यातच लिहा, 'हे खातं नको असेल तर ते असं बंद करता येईल.' काही सरकारी बँकांनी किमान शिल्लकेचा दंडच काढून टाकला, चांगलं केलं. बाकीच्यांनीही करावं.

पासबुक बँकेनं रद्दचा शिक्का मारून परत दिलं. आईनं ते आप्पांच्या डेअरीच्या कार्डाशेजारी ठेवलंय.

आज घरी फोन कराल तेव्हा एवढं विचारा, माझ्या नावावर कुठं काही भरताय का?