साखळीची उपाहारगृहे आणि रिह्याचे खाचर

साखळीच्या उपाहारगृहाचे नाव निघाले की सुशिक्षित माणसाने नाक मुरडलेच पाहिजे, असा एक संकेत आपल्या मंडळींत रूढ झाला आहे. रविवारी मुलाबाळांसह अशा ठिकाणी हटकून दिसणारे गृहस्थ सोमवारी कचेरीत त्याच खाण्याची कडक निंदा करताना आम्ही पाहिले आहेत. आरोग्याच्या बाजूने ह्या खाण्याविरुद्ध जे बोलावयाचे ते वैद्य-डॉक्टर बोलतच असतात. मैदा, मीठ, साखर आणि तळण ही चौकडी बरी नव्हे, हे सांगावयास आमची गरज नाही. आमचा विचार थोडा निराळ्या वाटेने जातो आणि तो पुढे एका सहीशी येऊन थांबतो, म्हणून वाचकांपुढे मांडीत आहोत.

ही साखळी मुळात काय आहे हे प्रथम पाहू. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो ह्या गावी मॅकडॉनल्ड नावाच्या दोघा भावांचे खाद्यगृह चांगले चाललेले होते. १९४८ साली त्यांनी ते काही काळ बंद ठेवले, पदार्थांची लांबलचक यादी नऊवर आणली, ताटल्या-काटेचमच्यांऐवजी कागद आणला आणि पंधरा सेंटांत हॅम्बर्गर देऊ लागले. स्वयंपाकघराची नवी रचना त्यांनी टेनिसच्या मैदानावर खडूने आखली. नोकरांना त्या रेघांत फिरवून पाहिले व कोणाची कोणाशी टक्कर होते ते पाहून रेघा पुनःपुन्हा बदलल्या. ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हांस मनापासून कौतुक वाटले. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढपे एकमेकांवर आदळतात, कढी सांडते, पण मांडवात खडूची रेघ ओढण्याचे कोणास सुचले नाही! पुढे १९५५ साली रे क्रॉक नावाच्या एका फिरत्या विक्रेत्याने ह्या पद्धतीची दुकाने गावोगाव काढावयास आरंभ केला आणि १९६१ साली २७ लाख डॉलर देऊन भावांचा सगळा हक्क विकत घेतला. भाऊ स्वयंपाकघरातले होते; क्रॉक नकाशावरचा होता. साखळी म्हणून जी वस्तू आज आपण ओळखतो ती ह्या दुसऱ्याची.

आपल्या देशात हे दुकान १९९६ साली दिल्लीत उघडले. गोमांस नाही, डुकराचे मांस नाही, शाकाहारी व मांसाहारी पदार्थांची भांडी निराळी, करणारी माणसेही निराळी, अशी व्यवस्था करून ते आले. बटाट्याची टिक्की पावात घालून आपल्यापुढे ठेवली गेली. बटाटा पावात घालण्याची कल्पना मुंबईला शिकवावयास परदेशातून कोणी येण्याची जरुरी नव्हती, हे खरे. वडापावाचा उगम १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेरील अशोक वैद्य ह्यांच्या गाडीवर सांगतात. आणि साखळीची विद्या तरी आपल्या लोकांनी किती लवकर उचलली! जंबोकिंगने २००१ साली मालाडहून आरंभ करून खुद्द वडापावच साखळीत बांधला. अमृततुल्य चहाचेही आज तेच झाले आहे. तेव्हा ही परकीयांची चाल आहे, हे म्हणणे आता टिकत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र ह्या दुकानांचा पक्ष घ्यावा असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. घराबाहेर खाणे ही आपल्या समाजात केवळ जिभेची बाब कधीच नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनात व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. टिळक, रानडे ह्यांच्यासारखी मंडळी तेथे होती. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली, आणि एका पेल्याचे प्रकरण ग्रामण्य व प्रायश्चित्तापर्यंत गेले. हा झाला पुढाऱ्यांचा चहा. कोल्हापुरास गंगाराम कांबळे ह्यांनी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यावयास सवर्ण येईनात, तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तेथे थांबून चहा घेऊ लागले. चहाचा एक पेला शिवाशिवीच्या पलीकडे नेण्यास राजाची गाडी दारात उभी करावी लागत होती. इराण्यांच्या हॉटेलांनी ही गोष्ट गाजावाजा न करता बरीच पुढे नेली. पुण्याचे गुडलक १९३५ पासूनचे; संगमरवरी टेबलाशी कोण कोणाच्या शेजारी बसला ह्याची चौकशी तेथे होत नसे. साखळीच्या दुकानात तर ती चौकशी करावयास माणूसच नाही. पैसे द्या, आकडा घ्या, आकडा पुकारला की थाळा उचला. आडनाव विचारले जात नाही. ह्या कोरडेपणाला पुष्कळ लोक नावे ठेवतात. आम्हांस तो कोरडेपणा काही प्रसंगी फार मोलाचा वाटतो.

आमचे मूळ गाव रिहे; मुळशी तालुक्यात, घोटावड्याच्या पलीकडच्या खोऱ्यात. तेथे आमच्या काकू राहतात. वय ऐंशीच्या पुढे, परंतु भाताच्या लावणीस बांधावर उभ्या राहून बायकांना ओळ धरावयास लावणाऱ्या. एकदा डोळ्यांच्या औषधासाठी त्यांना हिंजवडीस आणले असता नातवंडांच्या आग्रहास्तव आम्ही सर्वजण अशाच एका दुकानात गेलो. काकू नऊवारीत, पायांत रबरी चपला. पूर्वी पुण्यात त्यांना एखाद्या चांगल्या हॉटेलात नेले की वाढपी त्यांच्या पायांकडे पाही आणि आम्हांस कोपऱ्यातले टेबल दाखवी. येथे गणवेशातल्या मुलीने जो ठराविक हसरा चेहरा पुढच्या संगणक-अभियंत्यास दाखविला तोच काकूंना दाखविला. तो चेहरा शिकविलेला होता हे आम्हांस कळत होते. काकूंना त्याचे काही नव्हते. त्या ऐटीत बसल्या, बटाट्याच्या सळ्या एकेक करून संपविल्या आणि म्हणाल्या, “हितं कुणी वळकीत न्हाय, ते ब्येस हाय.” थोड्या वेळाने इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारले, “भात न्हाय का रं हितं?”

भात नव्हता. आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

रिह्याच्या खोऱ्यात पाऊस भरपूर, जमीन भाताची. मुळशीचा आंबेमोहोर शिजू लागला की शेजाऱ्यास कळतो. पण तो उंच वाढतो, वाऱ्यापावसाने लोळतो, उताराही बेताचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आय. आर. ८ ह्यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी १९८७ साली प्रसारित झाला, तेव्हापासून आमच्या खाचरांतही बहुतेक इंद्रायणीच आहे. काकू थोडा आंबेमोहोर घरापुरता एका कोपऱ्यात राखतात, आणि त्या कोपऱ्याची सर दरवर्षी सारखी नसते. पाऊस मागे-पुढे झाला की वास कमी-जास्त होतो. एखाद्या वर्षी तांदूळ मोकळा शिजतो, एखाद्या वर्षी चिकट. आमच्या घरात “यंदाचा भात” असा शब्दप्रयोग आहे. साखळीच्या दुकानात “यंदाचा” हे विशेषण कोठेही लागू पडत नाही, पडू नये अशीच तेथील सारी योजना असते; कारण गिऱ्हाईक पैसे देते ते नेमके कालच्यासारखे आज मिळावे म्हणून.

आमच्या पुतण्याने गेल्या वर्षी एक बेत मांडला. खाचराची एक कड रस्त्यास लागते. हिंजवडी आणि पिरंगुट वाढत आहेत, शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. तेव्हा त्या कडेला मुरूम टाकून भराव करावयाचा, जमीन अकृषिक करून घ्यावयाची आणि खाद्यपदार्थांच्या एका साखळीची फ्रँचायझी घ्यावयाची. मुलगा आळशी नाही. भाताचा हिशेब त्याने आमच्यापुढे ठेवला: राब भाजण्यापासून झोडणीपर्यंतची मजुरी, खत, आणि वर्षातून एकच पीक. त्या आकड्यांत आम्हांस एकही चूक सापडली नाही. शहरात राहून “शेती सोडू नका रे” असा उपदेश पत्राने पाठविणाऱ्या नातेवाइकांची आम्हांस चीड आहे, आणि त्यांत आपली गणना व्हावी अशी इच्छा नाही. परंतु सातबाऱ्यावर काकूंबरोबर आमचेही नाव आहे, म्हणून सही आमचीही लागणार होती.

आम्ही कराराचा मसुदा वाचावयास मागितला. आरंभी भरावयाची रक्कम, विक्रीवरचा ठराविक हिस्सा, भिंतींचा रंग, पाटीची उंची, हे सर्व त्यात होते, आणि ते अपेक्षितच होते. एका कलमाशी मात्र आम्ही थबकलो. दुकानात लागणारा प्रत्येक जिन्नस कंपनी सांगेल त्याच ठिकाणाहून घ्यावयाचा. चटणीसुद्धा बंद पुडीतून यावयाची. कंपनीच्या बाजूने पाहिले तर ह्यात अन्याय काहीच नाही. चव एक ठेवावयाची तर माल एका जागेचा हवा, आणि उद्या कोणास विषबाधा झाली तर नाव तिचे जावयाचे. पण त्याचा रिह्यातला अर्थ असा की, भाताच्या खाचरावर उभ्या राहिलेल्या दुकानास शेजारच्या खाचरातील एक मूठ तांदूळ विकत घेता येणार नाही. काकूंच्या हातची लसणीची चटणी त्यांच्याच जमिनीवर त्यांनाच वाढता येणार नाही. पुतण्यास हे वाचून दाखविले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “पण काका, आपली चटणी आठवड्यातून दोनदा तरी खारट होते.” हेही खरे होते.

धरणाखाली खाचरे जाऊ नयेत म्हणून ह्याच तालुक्यातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या बरोबरीने सत्याग्रह केला. ती खाचरे गेली. जमीन घेणारी टाटांची मोठी कंपनी होती आणि देणाऱ्यांची इच्छा नव्हती. आज कोणी बळजबरी करीत नाही, आपणच भरावाचा ट्रॅक्टर बोलावतो, ह्या दोहोंची तुलना करणे योग्य नव्हे. तरी मसुदा वाचताना ती गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. भरलेले खाचर पुन्हा खाचर होत नाही. बांध धरून पाणी उभे राहील अशी जमीन बनावयास पिढ्या लागतात, आणि तेथे पडलेला मुरूम कोणी पुन्हा उपसून नेत नाही.

पुष्कळ बोलणे झाले. आम्ही खाचराच्या कडेवर सही देण्याचे नाकारले, आणि त्याबरोबरच वरच्या अंगाचा वरकस तुकडा पुतण्यास मोकळा करून देण्याचे कबूल केले. तेथे नाचणीपलीकडे काही होत नाही. रस्ता त्यालाही जवळ आहे, मात्र वळणामुळे पाटी लांबून दिसणार नाही. तो तुकडा दाखविल्यावर साखळीवाल्यांचा उत्साह ओसरला आहे, असे पुतण्या सांगतो. आता तो स्वतःचेच भोजनगृह काढण्याची भाषा बोलत आहे: इंद्रायणीचा भात, पिठले, भाकरी, आणि मुलांसाठी बटाट्याच्या सळ्या. चटणीतले मीठ तराजूवर मोजून घालावयाचे, अशी त्याने आजीस अट घातली आहे. काकूंनी तराजू आणावयास संमती दिली, त्यात मीठ घालावयास अद्याप दिलेली नाही. यंदा जूनमध्ये खाचरात रोपे टाकून झाली. वरकस तुकड्याची मोजणी दिवाळीनंतर व्हावयाची आहे.