दोन हार्ड डिस्क आणि आजीच्या ओव्या

'रेड' लावायचं की नाही, या एका प्रश्नात माझे तीन शनिवार गेले. पुण्याच्या घरच्या पीसीसाठी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेतल्यात. त्यांवर जाणार फोटो, बायकोच्या व्हिडिओ एडिटिंगच्या फाइल्स आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या, २००६ साली रेकॉर्ड केलेल्या. आजी आता नाही. म्हणजे त्या गेल्या की गेल्या.

थोडा इतिहास. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी पेपर लिहिला: एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र जुंपा. पण डिस्क वाढल्या की बिघाडही वाढणार, म्हणून थोडी जास्तीची माहिती साठवून ठेवा. 'रेड'मधला 'आय' तेव्हा इनएक्स्पेन्सिव्हचा होता, पुढे तो इंडिपेंडंटचा झाला. (स्वस्त म्हणून महाग कसं विकणार!)

दोन डिस्क असतील तर मुख्य पर्याय दोनच. रेड ० मध्ये फाइलचे तुकडे दोन्हीवर वाटले जातात. जागा ८ टीबी, वेग जवळपास दुप्पट, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. एक डिस्क वर्षात बंद पडायची शक्यता समजा २ टक्के धरली, तर इथे ती जवळपास ४ होते. रेड १ मध्ये दोन्हीवर तेच. जागा ४ टीबी, पण एक मेली तरी काम चालू.

"मग रेड १ लाव आणि विषय संपव," मित्र म्हणाला. पण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीवरून एकदमच उडते. रॅन्समवेअरचंही तेच. पॉवर सप्लाय जळला किंवा चोरी झाली तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात. रेड आहे ते चालू काम थांबू नये म्हणून. बँकेच्या सर्व्हरला ते हवंच. माझा पीसी दोन दिवस बंद राहिला तर कोणाचं काय अडतंय?

राहिला वेग. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५०-२०० एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडीसुद्धा ५०० च्या आसपास. दोन डिस्क जुंपूनही तिथवर पोचत नाही.

तेव्हा ठरलं. एडिटिंगला छोटी एसएसडी, एक हार्ड डिस्क पीसीत आणि दुसरी साताऱ्याला बाबांच्या कपाटात. दोन महिन्यांतून एकदा जाणं होतंच; नव्या फाइल्स पेनड्राइव्हवर न्यायच्या. तिथलं जुनं काही पुसायचं नाही, नवं तेवढं भरायचं. मधल्या काळातले फोटो क्लाउडवर.

"तीन आठवडे वाचून शेवटी डिस्क वेगळ्याच ठेवायच्या?" बायकोने विचारलं. हो ना! आणि दर फेरीला साताऱ्याच्या डिस्कवरची एक ओवी वाजवून बघायची, कॉपी नुसती असून उपयोग नाही, उघडायलाही हवी.

तुमच्याही घरात अशी एखादी फाइल असेलच. ती आत्ता किती ठिकाणी आहे, एवढं मोजून बघा.