खरीप नावाचा ऋतू

दसरा होऊन गेला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. 2025 चा ऑक्टोबर. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झालेली. बीड, धाराशिवकडच्या पुराची चित्रं रोज टीव्हीवर दिसत होती. त्यातच चाळीसगाव तालुक्यातून भाईजानचा फोन आला, "एक बार आके जाओ, शादी का बोलना है." भाचीचा निकाह दिवाळीनंतर ठरलेला. काय बोलायचं असेल याचा अंदाज होताच. काही दिवसांसाठी माझ्याकडे राहायला आलेल्या अम्मीलाही परत सोडायचं होतं. रविवारी सकाळी आम्ही खुलताबादहून निघालो. गाडी हे चालवत होते. मी, लेक आणि अम्मी मागे.

वेरूळकडचा उतार या दिवसांत बघावा. डोंगर हिरवागार, ढग रस्त्यापर्यंत उतरलेले, जागोजागी पाण्याच्या धारा. रस्त्याच्या कडेला बाया डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन सीताफळांच्या पाट्या मांडून बसलेल्या. लेकीनं काच खाली करून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. "अम्मी, कित्ता मस्त दिखरा!" दिसत होतंच तसं.

गल्लेबोरगाव, हतनूरच्या बाजूला शेतं रस्त्याला लागून येतात. तिथे हिरव्या रंगाची गोष्ट बदलली. मका कापून टाकलेला, उचलायला उघाड मिळालेली नाही. आल्याच्या सऱ्यांमध्ये पाणी साचलेलं. हतनूरजवळ चहाला थांबलो तर शेजारी एक काका ताडपत्री झटकत होते. खाली मक्याची कणसं. एक कणीस त्यांनी उचलून दाखवलं. दाण्यांतून बोटभर कोंब बाहेर आलेले.

"आठ दिवस ऊन पडलं असतं ना ताई, तर घरात आला असता," ते म्हणाले. "पंचनामा झाला. आता बघायचं."

गाडीत बसल्यावर लेकीनं विचारलं, "खरीप म्हणजे नेमकं काय गं? पुस्तकात नुसतं खरीप, रब्बी असं देतात."

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. असे शब्द भेटले की मला राहवत नाही. खरीप हा मूळचा अरबी शब्द, खरीफ. त्याचा अर्थ शरद ऋतू. रब्बी म्हणजे रबीअ, वसंत. पेरलं केव्हा यावरून नाही, पीक हाताशी येतं केव्हा यावरून ही नावं पडली. फसल, जमीन, तालुका, तहसील हेही शब्द फारसीच्या वाटेनं कारभारात आले आणि शेतकऱ्याच्या तोंडी मराठी होऊन गेले. निजामशाहीत जमीनमहसुलाची घडी बसवणारा मलिक अंबर 1626 मध्ये वारला. त्याची कबर आमच्या खुलताबादेतच आहे. लेकीला ती कबर माहीत होती, पण त्याचा आणि शेतीचा संबंध तिनं पहिल्यांदाच ऐकला. "म्हणजे खरीप हा आपला शब्द आहे?" तिनं विचारलं. म्हटलं, "मघाच्या काकांचाही आहे."

कन्नड मागे पडलं आणि औट्रम घाट लागला. समोर दहा हात रस्ता दिसेल एवढंच धुकं. 2021 च्या ऑगस्टअखेरीस याच घाटात दरडी कोसळल्या होत्या आणि खाली चाळीसगावात पूर शिरला होता. त्यामुळे हे एकदम गप्प होऊन गाडी चालवत होते. हा घाट म्हणजे पाण्याची वाटणी. अलीकडचं पाणी शिवनेतून गोदावरीला जातं, पूर्वेच्या समुद्राकडे. पलीकडचं गिरणेतून तापीला, पश्चिमेच्या समुद्राकडे. काचेवर सर जोरात आली तशी अम्मी दुआ पुटपुटू लागली.

पाऊस आला की पैगंबर (स.) जी दुआ करायचे, तिच्यात नुसता पाऊस मागितलेला नाही. नाफेअ, म्हणजे फायद्याचा पाऊस मागितला आहे. आपला 'नफा' याच धातूचा. हदीसमध्ये आणखी एक प्रसंग येतो. जुम्याच्या खुत्ब्यात एक माणूस उठून म्हणतो, जनावरं मरताहेत, पावसासाठी दुआ करा. दुआ होते आणि आठवडाभर पाऊस थांबत नाही. पुढच्या जुम्याला तक्रार येते, आता मालमत्ता बुडाली. तेव्हा पैगंबर (स.) पाऊस बंद कर असं मागत नाहीत. आमच्यावर नको, आमच्या आजूबाजूला पडू दे, टेकड्यांवर, ओढ्याखोऱ्यांत, झाडं उगवतात तिथे, असं मागतात. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. त्या दुष्काळात पावसासाठी हात पसरलेले आम्हीच, आता उघाड मागत होतो. लेकीला हे विचित्र वाटलं. मला त्या हदीसमुळे वाटत नाही. गरजेपुरतं आणि वेळेवर मागण्यात नाशुक्री नाही.

भाईजानच्या शेतात पाय ठेवला की चिखलात रुतत होता. कपाशीची खालची बोंडं काळी पडलेली, फुटलेला कापूस ओला होऊन लोंबत होता. भाईजाननी एक बोंड दाबलं, त्यातून पाणी आलं.

"रहमतच है," अम्मी हळूच म्हणाली.

"रहमतच है अम्मी, पर वक्तपे होना," भाईजान म्हणाले.

जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. वलीम्याचं आपल्याकडे काही नाही, तो मुलाकडचा. पण आपल्या बाजूची दावत, मंडप, देणंघेणं हे सगळं कापसाच्या पैशावर धरलेलं. तारीख पुढे ढकलावी का, हे विचारायला आम्हाला बोलावलं होतं. भाभी पदराशी चाळा करत बसून होती. भाची चहाचे कप उचलायच्या निमित्तानं तिथेच घुटमळत होती. शेवटी तीच बोलली.

"तारीख मत बदलो, अब्बू. मस्जिद में निकाह करो. चाय-बिस्कुट बस है."

कुणी लगेच काही बोललं नाही. अम्मीनं तिला जवळ ओढून बसवलं आणि भाईजानला म्हणाली, "मुलाच्या घरी फोन लाव. मी बोलते."

अम्मी दहा मिनिटं बोलली. पलीकडची माणसंही शेतकरीच, त्यांचाही मका पाण्यात. त्यांनी लगेच होकार दिला, उलट त्यांनाच सुटल्यासारखं वाटलं असावं. निकाह ठरल्या तारखेला, मशिदीत, जुम्याच्या नमाजनंतर.

निघताना भाईजान गाडीपर्यंत आले. दावतीसाठी बाजूला काढलेल्या थोड्या पैशांचं काय करणार, असं यांनी विचारलं.

"वाफसा आला की कपाशी उपटायची," भाईजान म्हणाले. "हरभऱ्याचं बी आणतो. रब्बी तर आहे."