कोळ्याची कणगी

वालधुनी काकोळ्याच्या डोंगरात उगवते. तिथल्या धरणाचं पाणी रेल्वे बाटलीत भरून विकते. खाली अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर मागं पडलं, की कारखान्यांची नि गटारांची घाण तिच्यात उतरते. उल्हासनगरात २०१४ साली कुणी टँकरमधलं रसायन तिच्यात ओतलं. काठावरची शेकडो माणसं गुदमरून दवाखान्यात गेली. माणसं बोंबलली म्हणून कळलं. मासा बोंबलत नाही.

कल्याणजवळ वालधुनी उल्हासला मिळते, उल्हास वसईच्या खाडीला. खाडीतल्या खारफुटीच्या मुळांशी मासळीची पिल्लं वाढतात, मग समुद्रात जातात. शेतकरी उपाशी राहील, पण बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही. खाडी ही कोळ्याची कणगीच. तिच्यात आपण वरून विष सोडतो आणि मासळी महागली म्हणून बाजारात कोळणीशीच घासाघीस करतो.